धमनीतला दाह आणि तो शमवण्याचे प्रयत्न

मंडळी, आजचा विषय वैद्यकाचा आणि व्याख्याता तत्त्वज्ञानाचा, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकू. कुणी कोणती गोळी घ्यावी, कोणती सोडावी, हे आपण इथे बोलणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांचं काम. आपण बघणार आहोत एका प्रश्नाचा इतिहास. हृदयाच्या धमन्या आतून जाड होतात, अरुंद होतात, एक दिवस त्यात गुठळी अडकते आणि माणसाला झटका येतो. या रोगात शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेचा हात आहे का? आणि असेल, तर ती यंत्रणा औषधाने थोडी दाबून झटका टाळता येईल का? पहिला प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. दुसऱ्याची नीट परीक्षा झाली ती २०१७ साली. मधल्या काळात हुशार माणसं कशी कशी अडखळली, यात आमच्यासारख्या कार्यकारणाचा काथ्याकूट करणाऱ्यांना फार रस.

सुरुवात शब्दापासून करू. इंग्रजीत इन्फ्लमेशन म्हणतात. आपण दाह म्हणतो, वैद्य शोथ म्हणतात, घरात नुसतं 'सूज आली' म्हणतो. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणं नोंदवली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. बोटात काटा मोडला की चारही दिसतात. पण धमनीच्या आतल्या अस्तराचं काय? तिथली लाली कोण बघणार? आणि वेदना तर नाहीच. वीस-वीस वर्षं धमनीत रोग वाढत असतो आणि माणूस खुशाल जिने चढत-उतरत असतो. मग 'धमनीत दाह आहे' असं म्हणायचं तरी कशाच्या आधारावर?

हे पहिल्यांदा ठामपणे म्हटलं रुडॉल्फ फिरखोव या जर्मन शास्त्रज्ञाने, १८५० च्या दशकात. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला धमनीच्या अस्तरात पेशींची हालचाल दिसली, जाडी वाढलेली दिसली, आणि त्याने निदान केलं की हा दाहच आहे, चरबी नंतर येते. तिकडे व्हिएन्नात कार्ल फॉन रोकिटान्स्की म्हणत होता की नाही, रक्तातलाच काही अंश भिंतीवर साचत जातो आणि बाकीचं त्याच्या मागून येतं. दोघेही थोर, दोघांनीही असंख्य शवं तपासलेली. पण अडचण अशी की शवात सगळं एकाच वेळी हजर असतं. आधी काय आलं आणि मागून काय आलं, हे प्रेत सांगत नाही. वाद मिटला नाही, थंड पडला. १९०४ साली फेलिक्स मार्शांने रोगाला 'अथेरोस्क्लेरोसिस' हे नाव दिलं. त्यातल्या 'अथेरो'चं मूळ ग्रीक भाषेतल्या पेजेसारख्या, लापशीसारख्या पदार्थाच्या नावात आहे. म्हणजे नावातच लापशी आणि काठिण्य आलं, दाह गेला. नावं अशी नकळत निकाल देऊन टाकतात.

१९१३ साली सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिचकोव यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं कोलेस्टेरॉल खायला घातलं. सशांच्या धमन्यांत माणसासारखेच थर तयार झाले. त्या थरांत चरबीने फुगलेल्या पेशी होत्या, त्यांत पांढऱ्या पेशीही होत्या, आणि अनिचकोव यांनी ते पाहिलं होतं. पण जगाने लक्षात ठेवलं ते कोलेस्टेरॉल. ते चूक झालं असं मुळीच समजू नका. १९४८ पासून फ्रेमिंगहॅम या अमेरिकेतल्या गावात झालेली पाहणी, आणि १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ रुग्णांवरची स्टॅटिनची चाचणी, यांनी कोलेस्टेरॉलचा गुन्हा पुराव्यानिशी शाबित केला. त्या चाचणीत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. हल्ली मोबाइलवर 'कोलेस्टेरॉल हे थोतांड, खरा शत्रू दाह' असे संदेश फिरतात. ज्यांनी दाहाचा सिद्धांत उभा केला, त्यांच्यापैकी कुणीही असं म्हटलेलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की ठिणगी कोलेस्टेरॉलची असली तरी वणवा पसरवणारं आणखी काही आहे. कारण कोलेस्टेरॉल उत्तम ताब्यात असलेल्या माणसालाही दुसरा झटका येतो.

रसेल रॉस यांनी १९७३ साली असा विचार मांडला की धमनीच्या अस्तराला इजा होते आणि रोग हा त्या इजेला दिलेला प्रतिसाद असतो. पुढे १९८० च्या दशकात त्या थरांत प्रतिकारयंत्रणेच्या पेशी ओळखता येऊ लागल्या, स्वीडनमध्ये योरान हॅन्सन, बोस्टनमध्ये पीटर लिबी अशी माणसं त्यामागे लागली, आणि १९९९ साली रॉस यांनी एका निबंधाच्या शीर्षकातच लिहून टाकलं की हा दाहाचा रोग आहे. फिरखोव परत आला म्हणा ना.

पण 'आहे' म्हणणं आणि 'कारण आहे' म्हणणं यात अंतर असतं. आग लागलेल्या प्रत्येक घरापाशी बंब दिसतो, म्हणून बंब आग लावतो असं होत नाही. धमनीत सापडलेल्या पांढऱ्या पेशी आग लावायला आल्या होत्या की विझवायला?

एक वाट जंतूंची होती. १९८८ साली फिनलंडमधल्या संशोधकांना हृदयरुग्णांच्या रक्तात क्लॅमिडिया जातीच्या एका जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं जास्त आढळली. लगेच आशा पालवली की जंतूमुळे दाह, दाहामुळे झटका, तर प्रतिजैविक द्या आणि मोकळे व्हा. ४,०१२ रुग्णांना वर्षभर दर आठवड्याला प्रतिजैविक किंवा त्यासारखी दिसणारी नकली गोळी दिली. २००५ साली निकाल आला. फरक शून्य. ती वाट तिथेच संपली.

दुसरी वाट सीआरपी या प्रथिनाची, आणि इथे आपल्याला जरा थांबायचंय. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. शरीरात कुठेही दाह असला की यकृत ते सोडतं. १९९७ साली बोस्टनच्या पॉल रिडकर यांनी दाखवलं की वरवर निरोगी असलेल्या पुरुषांत ज्यांचं सीआरपी चढं, त्यांना पुढे झटका येण्याची शक्यता अधिक, आणि ॲस्पिरिनचा फायदाही त्यांनाच अधिक. ठीक. पण सीआरपी हे कारण की नुसती खूण?

आपल्या न्यायशास्त्रात याला चपखल उदाहरण आहे. घडा तयार होण्याआधी कुंभार हजर असतो, चाक हजर असतं, आणि माती वाहून आणणारं गाढवही हजर असतं. मग गाढव हे घड्याचं कारण का नाही? नैयायिक म्हणतात, ते अन्यथासिद्ध आहे. त्याच्याशिवायही घडा होतो, माती डोक्यावरून आणली तरी चालते. तर प्रश्न असा की सीआरपी हे चाक की गाढव? निर्णय झाला तो आनुवंशिकतेच्या युक्तीने. काही माणसांत जन्मतःच सीआरपी जरा जास्त तयार होतं, दाह असो वा नसो. ते कारण असतं तर या लोकांना झटके जास्त यायला हवे होते. लाखभराहून अधिक लोकांची माहिती तपासल्यावर तसं दिसलं नाही. म्हणजे गाढवच. मात्र त्याच युक्तीने, २०१२ साली, इंटरल्यूकिन-६ नावाच्या संदेशाबद्दल उलटं उत्तर आलं. ज्यांच्यात हा संदेश जन्मतः थोडा क्षीण असतो, त्यांना हृदयरोग कमी. म्हणजे चाक त्या बाजूला होतं.

२००८ साली रिडकर यांनीच 'ज्युपिटर' ही मोठी चाचणी केली होती, १७,८०२ माणसांवर. कोलेस्टेरॉल ठीकठाक पण सीआरपी चढं, अशांना स्टॅटिन दिलं. झटके, पक्षाघात वगैरे ४४ टक्क्यांनी कमी. टाळ्या पडल्या. पण स्टॅटिनने कोलेस्टेरॉलही उतरवलं होतं आणि सीआरपीही. मग गुण कशाचा? न्यायाच्या भाषेत अन्वय होता, व्यतिरेक नव्हता. दोन गोष्टी एकदम हलल्या की कोणतीच सिद्ध होत नाही. हवं होतं असं औषध, जे कोलेस्टेरॉलला हातही लावणार नाही आणि फक्त दाह उतरवेल.

दाह उतरवणारी औषधं तर पुष्कळ होती. पण त्यांचा अनुभव वाईट होता. झटक्यानंतर लगेच जबर मात्रेत स्टिरॉइड देऊन पाहिलं गेलं, तर १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयाची इजा घटण्याऐवजी वाढलेली दिसली. २००४ साली व्हायॉक्स हे सांधेदुखीवरचं औषध बाजारातून मागे घ्यावं लागलं. ते सांध्यातला दाह कमी करायचं आणि झटक्यांचं प्रमाण वाढवायचं! म्हणजे 'दाह' हा एक शब्द असला तरी त्यामागची वस्तू एक नाही. त्यात अनेक धागे आहेत, आणि चुकीचा धागा ओढला तर वीण उसवते.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. रिडकर यांच्या नेतृत्वाखाली दोन चाचण्या मागेपुढे सुरू झाल्या. एकीचं नाव कँटॉस, दुसरीचं सर्ट. दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा.

सर्टमधलं औषध मेथोट्रेक्सेट. आमवाताच्या रुग्णांना आठवड्यातून एकदा दिली जाणारी, जुनी, स्वस्त गोळी. तिचं मूळ १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या आंध्रच्या शास्त्रज्ञाच्या चमूने फॉलिक ॲसिडवर केलेल्या कामात आहे. त्या कामातून आधी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर औषध मिळालं. पुढे कळलं की अगदी कमी मात्रेत हीच जात सांध्यांवरचा प्रतिकारयंत्रणेचा हल्ला शमवते. आणि आमवाताच्या ज्या रुग्णांना मेथोट्रेक्सेट चालू होतं, त्यांच्यात हृदयविकाराने मरणारे कमी दिसत होते. मग बिनआमवाती हृदयरुग्णांना का देऊ नये? जुन्या स्वस्त औषधावर कंपनी पैसा घालणार नाही, म्हणून अमेरिकी सरकारने घातला.

कँटॉसमधलं औषध कॅनाकिनुमॅब, तीन महिन्यांतून एकदा टोचायचं इंजेक्शन. हे इंटरल्यूकिन-१ बीटा या एकाच संदेशवाहक प्रथिनाला पकडून निकामी करतं. हा संदेश पुढे इंटरल्यूकिन-६ ला जागा करतो, तो यकृताकडून सीआरपी सोडवतो. म्हणजे गाढवाच्या मागे न लागता थेट चाकाला हात. औषध नवं, पेटंटचं, अतिशय महाग. पूर्वी झटका येऊन गेलेले आणि सीआरपी २ किंवा त्याहून वर असलेले १०,०६१ रुग्ण घेतले. बहुतेकांना स्टॅटिन चालूच होतं.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये कँटॉसचा निकाल आला. कोलेस्टेरॉल जागचं हललं नाही, सीआरपी उतरलं, आणि १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत झटके, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून १५ टक्के कमी झाले. दीडशे वर्षांनी व्यतिरेक मिळाला. फक्त दाह काढला आणि रोग घटला. फिरखोवचा निदान अर्धा दावा तरी माणसावर सिद्ध झाला.

वर्षभराने सर्टचा निकाल लागला. ४,७८६ रुग्ण, सव्वादोन वर्षांच्या आसपास औषध, आणि झटक्यांत काहीच फरक नाही. उलट यकृताच्या तपासण्या बिघडल्या, पांढऱ्या पेशी घटल्या. कुणी म्हणालं, दाहाचा सिद्धांत पडला. पण आत डोकावलं तर मेथोट्रेक्सेटने या रुग्णांत इंटरल्यूकिन-१ बीटाही उतरवलं नव्हतं, ६ ही नाही, सीआरपीही नाही. प्रतिकारशक्ती दाबली होती, पण भलत्याच ठिकाणी. आमच्या मते या दोघांत जास्त शिकवणारी चाचणी सर्ट. कँटॉस एकटी असती तर 'प्रतिकारशक्ती दाबा, हृदय वाचवा' एवढा ढोबळ धडा घेऊन जग मोकळं झालं असतं, आणि आमवाताची निरीक्षणं त्याला साक्षीला होतीच.

इथे तुलनेसाठी ताकायासूचा रोग आठवावा. जपानमधल्या मिकितो ताकायासू या नेत्रतज्ज्ञाने १९०८ साली नोंदवलेला. यात मोठ्या धमन्यांवर प्रतिकारयंत्रणा थेट तुटून पडते, तरुण बायकांच्या हाताची नाडी लागेनाशी होते, आणि तिथे स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट हेच आधार असतात. हा रोग आपल्याकडे आणि एकूण आशियात पाश्चात्त्यांपेक्षा जास्त दिसतो. म्हणजे धमनी तीच, 'दाह' हा शब्द तोच, पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू नाही.

आता हिशेबाची दुसरी बाजू. पंधरा टक्के म्हणजे किती? कँटॉसमध्ये हजार माणसांमागे वर्षाला नकली इंजेक्शनवाल्यांत ४५ जणांना मोठा आघात झाला, १५० मिलिग्रॅमवाल्यांत ३९ च्या आसपास. सहा वाचले. आणि जंतुसंसर्गाने मरण? नकलीवाल्यांत हजारी वर्षाला सुमारे १.८, औषधाच्या तिन्ही मात्रा मिळून ३.१. म्हणजे हजारात वर्षाला एक जण जास्त. एकूण मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण घटलेलं दिसलं, तो वेगळाच अनपेक्षित धागा.

सहा आणि एक, फायदा उघड आहे असं वाटेल. पण बघा, वाचलेल्या सहांना आपण वाचलो हे कधीच कळत नाही. त्यांची नावं कुठल्या यादीत नसतात. जो मेला त्याचं नाव असतं, घर असतं. शिवाय त्या सहांचा झटका टळला, तो आला असता तर सगळेच दगावले असते असं नाही. इकडचा एक मात्र गेलाच. आणि हा एक माणूस त्या सहांपैकी नव्हे. एकाच्या पदरातून काढून दुसऱ्याच्या पदरात टाकण्याचा हा व्यवहार आहे, आणि त्याला नुसती बेरीज-वजाबाकी पुरत नाही. स्टॅटिनलाही दुष्परिणाम आहेत, पण तिथे हा पेच एवढा टोकदार नव्हता.

कंपनीने पुढे एक तोड सुचवली. पहिल्या इंजेक्शननंतर ज्यांचं सीआरपी २ च्या खाली गेलं, त्यांना फायदा सुमारे २५ टक्के दिसत होता, मग औषध फक्त त्यांनाच द्यावं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली नकार दिला. आम्हाला तो योग्य वाटतो. ज्यांचं सीआरपी सहज उतरलं, ते आधीपासूनच बरे असतील तर? निकाल हातात आल्यावर पाडलेले गट आणि चिठ्ठी टाकून पाडलेले गट यांची किंमत एक नसते.

प्रतिकारशक्ती संपूर्ण शरीरात दाबायची नसेल तर एक आडवाट आहे. ईस्टर बेटावरून १९६४ च्या कॅनेडियन मोहिमेत आणलेल्या मातीत एक सूक्ष्मजीव मिळाला, त्यापासून भारतातून गेलेले सुरेन सेहगल यांनी माँट्रियलला रापामायसिन वेगळं केलं. ते १९९९ साली मूत्रपिंडरोपणात शरीराने परकं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून मान्य झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात साओ पाउलोला त्याचा लेप दिलेली स्टेंट माणसात पहिल्यांदा बसली. साध्या स्टेंटभोवती पेशी वाढून धमनी पुन्हा बुजायची. २००२ च्या, २३८ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी साध्या स्टेंटमध्ये हे २६.६ टक्क्यांना झालं, लेपवालीत एकालाही नाही. हे औषध तिथे मुख्यतः पेशींची वाढ रोखतं, दाह हा त्यातला एक भाग. पण मुद्दा जागेचा आहे. बोटाच्या पेराएवढ्या भिंतीपुरतं औषध, बाकीचं शरीर मोकळं. किंमत इथेही होतीच. भिंत नीट भरून यायला वेळ लागतो, गुठळीची भीती राहते, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या जास्त काळ घ्याव्या लागल्या. आणि ही वाट एका जागेपुरती, रोग मात्र सगळीकडे.

मग लक्ष गेलं गाऊटच्या जुन्या औषधाकडे, कोल्चिसिनकडे. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या फुलांची कळलावी तुम्ही पाहिली असेल. तिच्या कंदात हेच द्रव्य असतं. प्रसूतीच्या कळा आणायला तो वापरत, म्हणून ते नाव. (भांडणं लावणाऱ्याला आपण जे 'कळलाव्या' म्हणतो, तो वेगळा.) तो कंद जहाल विषारी आहे, माणसं मेली आहेत. हे मुद्दाम सांगतोय, कारण इथून घरी जाऊन कुणी कुंपण उकरू नये. अर्ध्या मिलिग्रॅमची मोजलेली गोळी पांढऱ्या पेशींची चाल मंदावते आणि इंटरल्यूकिन-१ बीटा जिथे तयार होतं त्या यंत्रणेलाच आवर घालते. म्हणजे कँटॉसचंच लक्ष्य, जरा वरच्या अंगाने, आणि स्वस्तात.

२०१९ च्या कोलकॉट चाचणीत ४,७४५ रुग्णांत आघातांचं प्रमाण ७.१ वरून ५.५ टक्क्यांवर आलं. २०२० च्या लोडोको-२ मध्ये ५,५२२ रुग्णांत ९.६ वरून ६.८ वर. २०२३ साली अमेरिकेत या कामासाठी मान्यता मिळाली. पण कोलकॉटमध्ये न्यूमोनिया जास्त होता, आणि लोडोको-२ मध्ये हृदयाखेरीज इतर कारणांनी मेलेले ५३ विरुद्ध ३५. हा आकडा योगायोगाचा असू शकतो, पण विसरण्याजोगा नाही. आणि २०२४ साली, झटक्यानंतर लगेच औषध सुरू केलेल्या ७,०६२ रुग्णांच्या चाचणीत निकाल आला ९.१ विरुद्ध ९.३. म्हणजे काहीच नाही. सीआरपी मात्र उतरलं होतं! गाढव हटलं, घडा झालाच.

आपल्यासाठी यात एक जास्तीचा प्रश्न आहे. क्षयाचे जंतू फुप्फुसात असले तरी बऱ्याच माणसांत ते वर्षानुवर्षं निपचित पडून असतात, कारण प्रतिकारयंत्रणा त्यांच्याभोवती पेशींची भिंत बांधून पहारा देते. ती भिंतही दाहाचीच. जगातल्या दर चार नव्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक भारतात असतो, आणि निपचित जंतू बाळगणारे तर कोट्यवधी. कँटॉसमध्ये ज्यांना क्षय होऊन गेला होता किंवा ज्यांना तो होण्याचा मोठा धोका होता, अशांना आधीच वगळलं होतं. ते रास्तच होतं, रुग्णांची काळजी म्हणूनच वगळलं. पण त्यामुळे सहा आणि एक हा जो हिशेब आपण मघाशी मांडला, तो त्यांना वगळून उरलेल्या माणसांचा आहे. सोलापूरच्या किंवा धारावीच्या साठीतल्या हृदयरुग्णाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. त्याच्यासाठी उजवीकडचा आकडा एक राहील की चार होईल, हे त्या १०,०६१ जणांकडून कळण्यासारखं नव्हतं.